घरंदाज आजार

बोरजाईवाडी, मेढ्याच्या वर
१२ जून २०२३

आक्का,

वर्षभर काही नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून घाबरू नकोस. घरात फोन आहे. पण तो सरपंचांचा फोन असल्यामुळं सुभेदारांच्या, म्हणजे यांच्या, खिशात असतो. जागा बायकांसाठी राखीव झाली, मी निवडून आले, हार माझ्या गळ्यात पडला आणि दुसऱ्या दिवसापासून तहसीलदारांशी बोलायला आमचे हे. परवा तू केलेला फोन यांनीच उचलला. "सरपंच बोलतोय," असंच म्हणाले असतील. सही तेवढी अजून मलाच करावी लागते.

तुला एक विचारायचं आहे. फोन मिळाला असता तरी विचारता आलं नसतं, कारण आमच्या घरात प्रत्येक फोन स्पीकरवर असतो आणि ऐकणारा प्रत्येक जण उत्तर देतो.

एप्रिलपासून मला उष्णतेचा त्रास आहे. खालून लाल जातं. रोज नाही. चार दिवस जातं, मग पंधरा दिवस काही नाही, मग परत. दुखत नाही, आग नाही, ताप नाही, त्यामुळं कुणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं. सासूबाईंच्या कानावर घातलं तर म्हणाल्या, "ऊन लय हाय यंदा." तेव्हापासून धण्याचं पाणी, सब्जा, वाळा आणि गुलकंद सुरू आहे. माझ्या पोटात सध्या अख्खं थंड पेयांचं दुकान आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आलो. डॉक्टर यांना विचारतात, "काय त्रास?" हे सांगतात, "मिसेसला उष्णता हाय." डॉक्टर विचारतात, "किती दिवस?" हे माझ्याकडं बघतात, मी दोन बोटं दाखवते, हे सांगतात, "दोन म्हैनं." मग डॉक्टर यांच्या हातात गोळ्या ठेवतात. खायच्या मात्र मलाच असतात.

तू शिक्षिका होतीस, चार माणसांत वावरलीस. तुझ्याच वर्गात माझंही डी.एड. झालं, ते लग्नाच्या पत्रिकेत छापण्यापुरतं. तुला कधी असं झालं होतं का? उत्तर सुलाबाईंच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठव. खाऊच्या पोत्यांबरोबर येणारं काही आमच्याकडं कुणी उघडून बघत नाही.

तुझी
क्रांती

•

समडोळी, ता. मिरज
२४ जून २०२३

क्रांती,

मी तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, पण आई-बापांनी नावच आक्काताई ठेवल्यामुळं जन्मभर सगळ्यांना सल्ले देत आले. तुलाही देते.

ही उष्णता नाही. पाळी जाऊन आठ वर्षं झाली आणि आता खालून लाल जातंय म्हणजे गर्भपिशवीचं दुखणं. सब्जा खाऊन काय होणार? पिशवी काढून टाक आणि मोकळी हो. मी बेचाळिसाव्या वर्षी काढली. आमच्या गल्लीत तर एकीचीही जागेवर राहिलेली नाही. पाठ दुखते, काढा. चिडचिड होते, काढा. माझ्या नणंदेला डोळ्यांपुढं अंधारी यायची, तिचीही काढली. अंधारी अजून येते, पण निदान ती शंका तरी मिटली.

साताऱ्याला चांगल्या बाईंना दाखव. सुभेदारांना सांग की आक्का म्हणाली. माझ्या शब्दाला ते मान देतात. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलकी कारभारावरच्या व्याख्यानाला मी पाऊण तास मान डोलावली होती.

इकडं हळदीचा बाजार बरा आहे असं हे म्हणतात. सून दीपाली आता मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात कायम झाली, स्टाफ नर्स. तिला विचारून लिहिणार होते, पण तिची ड्यूटी आणि आमचं सूर्यास्ताआधीचं जेवण यांची गाठ पडत नाही. आणि एवढ्या साध्या गोष्टीला तिला कशाला विचारायचं?

आक्का

•

बोरजाईवाडी
३० सप्टेंबर २०२३

आक्का,

काढली. ऑगस्टमध्ये, साताऱ्याला एका नर्सिंग होममध्ये. तुझं पत्र दाखवल्यावर यांनी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. तिथल्या डॉक्टरांनी मला "पाळी कधी गेली" आणि "मुलं किती" एवढं विचारलं आणि तारीख दिली. ऑपरेशननंतर गर्भपिशवी स्टीलच्या ताटलीत घालून यांना दाखवली. यांनी मान हलवून मंजूर केली. तिची तपासणी झाली. अहवाल आला की पिशवी उत्तम होती, काही दोष नव्हता. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, पण मग ती काढली कशाला हे विचारायचं राहून गेलं.

गावात काय सांगायचं यावर घरात चर्चा झाली. सरपंचांचं असलं ऑपरेशन झालं म्हणणं बरं दिसत नाही. सुभेदारांनी ठरवलं, पित्ताशय. पित्ताशयाला कुणी हसत नाही. आमदारांच्या भावाचंही काढलंय. अगदी घरंदाज आजार आहे. मग सगळा गाव पित्ताच्या औषधांसह भेटून गेला. एकानं लिंबाचा रस आणि गोडं तेल आणलं, एकीनं मुळ्याचा पाला. चुलतदीर लालासाहेब, आमचे उपसरपंच, यांनी मला माझ्याच पित्ताशयाचे खडे किती निघाले ते सांगितलं. सत्तावीस.

आता खरं लिहिते. लाल अजून जातं.

ऑपरेशननंतर दहा दिवस काही नव्हतं. मग परत सुरू. परवा तर गाठी पडल्या. आक्का, तू पिशवी म्हणालीस तेव्हा मला वाटलं होतं की तुला कळलं. काल मी आठवून बघितलं, मी तुला नक्की काय लिहिलं होतं. "खालून" असं लिहिलं होतं. डॉक्टरांनाही तेवढंच सांगितलं गेलं. कुठून, हे मी कुणाला सांगितलंच नाही आणि कुणी विचारलंही नाही.

ते लघवीतून जातं. लघवीच लाल होते.

हा शब्द लिहायला मला अठ्ठावन्न वर्षं लागली. आता दोनदा लिहिला. पत्र वाचून फाडून टाक.

क्रांती

•

समडोळी
५ ऑक्टोबर २०२३

क्रांती,

पत्र काल दुपारी मिळालं. फाडलं नाही. दीपालीला दाखवलं. तिनं वाचलं आणि मला विचारलं, "आई, तुमी ह्यांस्नी गर्भपिशवी काढायला सांगितलासा?" मी हो म्हणाले. तिनं पत्राची घडी घातली आणि तपासण्यांची यादी करायला बसली. क्रांती, तिनं दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ती म्हणते ते जसंच्या तसं लिहिते. लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, दुखत नसलं, आपोआप थांबलं, तरी तपासायचं. खडा असेल, जंतू असतील, बरंच काही साधंही असेल. पण मूत्राशयात गाठ असू शकते, आणि बायकांच्यात ती उशिरा सापडते, कारण आधी जंतूंच्या गोळ्या होतात, मग पाळीवर खापर फुटतं. लघवीची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि दुर्बीण. चार महिन्यांत यातलं एकही झालं नाही. मधे माझं एक हुशार पत्र तेवढं झालं.

सोमवारी इकडं ये. एकटी ये. घरी सांग, दीपालीच्या लेकीचं बारसं आहे. लेक सात वर्षांची आहे आणि खोटं बोलायचं नाही असं माझं व्रत आहे. पण बारसं दुसऱ्यांदा करू नये असं मी तरी कुठं वाचलेलं नाही.

आक्का

•

बोरजाईवाडी
९ नोव्हेंबर २०२३

आक्का,

सुखरूप पोचले. तुझ्याकडं अठरा दिवस राहिले, पण तिथं बोलायचं ते राहिलंच, म्हणून लिहिते.

सोनोग्राफीत गाठ दिसली आणि तू यांना बोलावून घेतलंस ते बरं केलंस. तू बाहेर होतीस तेव्हा आत काय झालं ते तुला माहीत नाही. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आपल्या मुलांच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" हे म्हणाले, "मिसेसला—" त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा. त्यांना बोलू द्या." हे बाहेर गेले. दार लागलं. मी सवयीनं त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिले. बाई थांबल्या. घाई केली नाही. मग सगळं सांगितलं, एप्रिलपासूनचं.

एक तेवढं खोटं सांगितलं. त्यांनी विचारलं, तंबाखू? मी नाही म्हणाले. मिश्री चाळीस वर्षं लावते हे तुला माहीत आहे. घरात हे विड्या ओढतात, त्याचा धूरही तेवढाच जुना. दुसऱ्या दिवशी मीच परत जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, विडी-सिगारेटचा धूर हे ह्या रोगाचं मोठं कारण, मिश्रीही तंबाखूच, नेमकं कुणाला कशामुळं झालं ते सांगता येत नाही, पण आजपासून दोन्ही बंद. मी बंद केली. हे आता अंगणात जाऊन ओढतात.

दुर्बीण लघवीच्या वाटेनंच घातली आणि गाठ आतूनच खरवडून काढली. पोटावर एक टाका नाही. आपण उगाच घाबरलो होतो.

आता आनंदाची बातमी. गाठीचा अहवाल सरपंचांच्या फोनवर, म्हणजे यांच्या खिशात आला. सगळा इंग्रजीत. यांनी चष्मा लावून वाचला आणि अंगणातूनच ओरडले, "हाय ग्रेड आलाय." फौजेत हाय ग्रेड मिळायला लोकांना वीस वर्षं लागतात, म्हणाले. पेढे आणले. दिवाळी तोंडावरच होती, त्यामुळं खूप वाटले. गावाला मिरजेचं कारण "पित्ताशयाचे राहिलेले खडे" असं सांगितलं आहे. लालासाहेबांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं: "मा. सरपंच सौ. क्रांतीताई शेलार यांचा वैद्यकीय अहवाल उच्च श्रेणीत. हार्दिक अभिनंदन." एकशे बारा जणांनी हात जोडले.

दीपालीलाही कळव.

क्रांती

•

समडोळी
१३ नोव्हेंबर २०२३

क्रांती,

हे पत्र बसून वाच आणि वाचून झाल्यावर सुभेदारांना वाचून दाखव.

हाय ग्रेड हे बक्षीस नाही. तो कर्करोग आहे आणि हाय ग्रेड म्हणजे त्याच्या पेशी जोरात वाढणाऱ्या, परत येणाऱ्या. लो ग्रेड असता तर पेढे कसेबसे चालले असते. अहवालात दुसरी एक ओळ आहे आणि ती चांगली आहे. गाठ मूत्राशयाच्या अस्तराखाली उतरली आहे, पण स्नायूत गेलेली नाही. म्हणून अजून मूत्राशय वाचवता येतं. डॉक्टरीणबाई दोनदा फोन करून थकल्या. प्रत्येक वेळी "सरपंच बोलतोय" आणि "आभारी आहे" एवढंच ऐकू आलं.

पुढचं असं. पाच-सहा आठवड्यांत परत एकदा खरवडायचं, काही मागे राहिलंय का बघायला. मग आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, मूत्राशयात औषध सोडायचं. बीसीजी. तान्ह्या बाळाच्या दंडावर देतात तीच टीबीची लस. ती आत गेली की शरीराची फौज जागी होते आणि रोगावर धावून जाते, असं दीपाली म्हणते. सुभेदारांना या भाषेत सांग, पटेल. ते साताऱ्यातही मिळेल, बाई चिठ्ठी देणार आहेत. आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी दुर्बीण. हे चुकवायचं नाही. बरं वाटलं तरी.

मी पुढच्या शनिवारी तुझ्याकडं येणार होते, पण दीपाली म्हणाली, "आई, आता सल्ला द्यायला नको, नुसतं पत्र पाठवा." म्हणून पत्र.

आक्का

•

बोरजाईवाडी
३ मार्च २०२४

आक्का,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं होतं हे तुला डिसेंबरात सांगितलं, पण ते काय म्हणाले हे सांगितलं नव्हतं. ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि म्हशीला पाणी पाजायला गेले. म्हैस तेव्हा नुकतीच पाणी पिऊन आली होती.

दुसऱ्या खरवडण्यात काही निघालं नाही. साताऱ्याची सहा बीसीजी गेल्या गुरुवारी संपली. नळीनं औषध सोडतात आणि दोन तास लघवी करायची नाही. पंधरा-पंधरा मिनिटांनी कुशीवर वळायचं, म्हणजे ते सगळीकडं लागतं. भाकरी शेकतात तशी मी शेकून निघाले. त्यानंतर दीड-दोन दिवस दर अर्ध्या तासाला पळावं लागतं, आग होते, अंगात कणकण. आणि सहा तास संडासात ब्लीच ओतायचं.

लस बीसीजीची, हे सुलाबाईंनी विश्वासानं एकीलाच सांगितलं. दोन दिवसांत गावभर झालं की सरपंचांना टीबी. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. पित्ताशय, त्यातून खडे, त्यातून टीबी. माझ्या अंगात आता खऱ्या रोगाला जागा उरलेली नाही.

पाचव्या गुरुवारी एक झालं. एस.टी.तून चौकात उतरले आणि घर दोन किलोमीटर वर. धीर निघेना. समोर ग्रामपंचायतीचं महिला शौचालय, ज्याची फीत मी कापली, ज्यासाठी जिल्ह्याचं बक्षीस मिळालं. कुलूप. शिपाई नाथाजीला विचारलं, "चावी?" म्हणाला, "लालासाहेबांकडं. कमिटी यायची हाय, घाण नगं म्हणून बंद ठेवलंय." लालासाहेब लग्नाला गेलेले. म्हटलं, "दगड आण, कुलूप तोड." म्हणाला, "ताई, आदेश हाय का?"

एस.टी.च्या तिकिटामागं मावेना म्हणून औषधाच्या कागदावर लिहिलं, "शौचालयाचे कुलूप तोडण्यात यावे," आणि सही केली. नाथाजी आत गेला, शिक्का शोधला, शाईवर दाबला, कागदावर मारला, फुंकर घातली, मग दगड उचलला. तेवढा वेळ मी कसा काढला ते मलाच ठाऊक. आत जाऊन आले आणि पिशवीतली ब्लीचची बाटली ओतली. बक्षिसानंतर त्या जागेची ती पहिली स्वच्छता.

दीड वर्षात मी स्वतः लिहून सही केलेला हा पहिला आदेश. तेव्हापासून कुलूप नाही.

मे महिन्यात दुर्बिणीला मिरजेला येते.

क्रांती

•

समडोळी
२० ऑगस्ट २०२४

क्रांती,

मेमधली दुर्बीण स्वच्छ निघाली, तू हसत गेलीस, त्यानंतर तुझी एक ओळ नाही. तुझी पुढची तारीख ५ ऑगस्ट होती. दीपालीनं हॉस्पिटलात बघितलं, तू आलेली नाहीस. फोन केला तर सरपंच बोलले. म्हणाले, "आता सगळं ओके हाय, पुरं झालं ते नळ्या घालणं."

मी एकदा न विचारता सल्ला दिला आणि तुझे चार महिने गेले. म्हणून यावेळी सल्ला देत नाही. विचारते. का आली नाहीस?

आक्का

•

बोरजाईवाडी
६ ऑक्टोबर २०२४

आक्का,

आले नाही, कारण हे म्हणाले नको आणि मलाही ते ऐकायला बरं वाटलं. गावची कामं आहेत, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आहे, अशी कारणं मीच यांना पुरवली. सप्टेंबरात परत लाल दिसलं. तुला न कळवता साताऱ्याला दाखवलं, खरवडलं. आता स्नायूत गेलंय. बाहेर कुठं पसरल्याचं फोटोत दिसत नाही. मिरजेच्या बाईंनी कागद बघून सांगितलं, तीन महिने केमो आणि मग मूत्राशय काढायचं. काही जणांना ते न काढता किरणं देऊन भागतं, पण माझ्या गाठीच्या जागेमुळं त्या काढायचंच म्हणतात. आतड्याचा एक तुकडा घेऊन लघवीला पोटावर वाट करून द्यायची आणि तिथं जन्मभर पिशवी. मी विचारलं, गर्भपिशवी आधीच काढलीय तर काम सोपं होईल ना? म्हणाल्या, उलट आत चिकटलं असेल, जरा जास्त वेळ लागेल.

रविवारी आमच्या सोप्यात बैठक बसली. हे, मोठे दीर, लालासाहेब आणि गावातले दोन जाणते. विषय माझं मूत्राशय. मी चहा करत होते. पाऊण तास पाच माणसं बोलली, पण त्या अवयवाचं नाव एकानंही घेतलं नाही. "तो विषय" म्हणत होते. मोठे दीर म्हणाले, "त्या विषयात एवढी घाई बरी न्हवं." एक जाणते म्हणाले, "बाईमाणसाला पिशवी शोभंल का?" लालासाहेब म्हणाले, "वैनी, राग मानू नगा, पर पोटावर पिशवी घिऊन झेंडावंदन कसं करायचं? तब्येतीचं कारण सांगून राजीनामा दिला तर मान बी राहील." ते स्वतः उपसरपंच आहेत, त्यामुळं त्यांना मानाची फार काळजी.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि खुर्चीवर बसले. आमच्या सोप्यात पुरुष बसले असताना मी खुर्चीवर कधी बसले नव्हते. म्हटलं, "त्याला मूत्राशय म्हणतात. ते माझं आहे. त्यात कर्करोग आहे. एकवीस तारखेला केमो सुरू होतंय. झेंड्याची दोरी हातानं ओढतात, त्याला मूत्राशय लागत नाही." चहा सगळ्यांनी घेतला.

संध्याकाळी हे गोठ्यात होते. मी गेले तर म्हणाले, "पेढं वाटलं त्याच दुपारी मी शिवतेजला फोन केला व्हता." शिवतेज, आमचा मुलगा, पुण्याला असतो. "त्यानं सांगितलं हाय ग्रेड म्हंजी काय. म्या म्हटलं, आईला सांगू नगंस."

"मला का नाही सांगितलं?"

"पेढं वाटून झालं व्हतं."

मी विचारलं, "आणि ऑगस्टात का जाऊ दिलं नाही?" त्यांनी दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "तपासलं न्हाई तर निघायचं न्हाई, आसं वाटलं."

बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, आक्का. बर्फात उभा राहिलेला. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी दयाही आली. दोन्ही अजून आहेत. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "डॉक्टरांस्नी तूच बोल," म्हणाले. "मला आता जमायचं न्हाई."

क्रांती

•

समडोळी
१० ऑक्टोबर २०२४

क्रांती,

माझ्या घरी वरची खोली रिकामी केली आहे. केमो मिरजेतच घे, दीपाली जवळ असेल. सुभेदारांनाही आण. कांदा-लसूण नाही आणि अंधार पडायच्या आत जेवण, एवढं त्यांना आधीच सांग, नंतर कुरकुर नको. विडी तर आमच्या फाटकाच्या आतही नाही.

एक कबूल करायचं आहे. तुझी गर्भपिशवी निर्दोष होती हे वाचलं तेव्हापासून मी गल्लीत कुणाला "काढून टाक" म्हणाले नाही. परवा शेजारीण विचारायला आली तर म्हटलं, आधी कुठून जातंय ते नीट सांग. ती लाजून निघून गेली. मी तिच्या मागे तिच्या घरी गेले.

आक्का

•

बोरजाईवाडी
१६ मार्च २०२५

आक्का,

घरी येऊन महिना झाला. आता आपल्यात फोन आहे, पण मला पत्राचीच सवय लागली. फोनवर तू मधेच बोलतेस.

जखम भरली. काढलेल्या भागाचा अहवाल बाईंनी मलाच फोन करून सांगितला: कडा स्वच्छ, आजूबाजूच्या लसिकाग्रंथींमध्ये काही नाही. "म्हणजे बरी झाले का?" विचारलं तर म्हणाल्या, "म्हणजे सुरुवात चांगली आहे. ठरल्या तारखांना फोटो काढत राहायचं." असं नेमकं बोलणारं माणूस मला आवडतं.

पिशवीचं ऐक. दवाखान्यात दीपालीनं आम्हा दोघांना शिकवलं तेव्हा हे भिंतीकडं बघत होते, ते तूही पाहिलंस. घरी आल्यावर पहिली पिशवी मी एकटीनं बदलायला घेतली. पोटाला चिकटवायच्या चकतीचं भोक वेडंवाकडं कापलं गेलं, सगळं गळलं, लुगडं भिजलं, मी रडले. हे दारात उभे होते. आत आले, हात कोपरापर्यंत धुतले, टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि सगळं सामान ओळीत मांडलं, फौजेत तपासणीला मांडतात तसं. कात्री, चकती, पिशवी, ओला कापूस, सुका कापूस. मोजून भोक कापलं. म्हणाले, "अठ्ठावीस मिलिमीटर. एक इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई." तेव्हापासून दर चौथ्या दिवशी सकाळी सातला हा कार्यक्रम असतो. उशीर झाला की मला दम मिळतो. आठवड्यापूर्वी विडी ओढायला अंगणात गेले, तशीच न पेटवता परत आणली. सुटली म्हणत नाही, पण कमी झाली आहे.

गेल्या बुधवारी ग्रामपंचायतीची मासिक सभा होती. लालासाहेबांनी विषय लावला होता: "मा. सरपंच यांच्या प्रकृतीबाबत विचार करणे." मी गेले. यांनी सोडलं आणि बाहेर वडाखाली बसले, आत आले नाहीत. विषय आला तेव्हा मी म्हटलं, "मीच सांगते, म्हणजे विचार करायला सोपं जाईल. पित्ताशय जागेवर आहे. टीबी नाही. मला मूत्राशयाचा कर्करोग झाला. लघवीतून रक्त जात होतं, सहा महिने मी कुणाला कुठून ते सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. आता मूत्राशय काढलंय, पोटावर पिशवी आहे, ती या पदराखाली आहे, आणि आज मी नळपाण्याच्या तीन फायली वाचून आले आहे. राजीनामा देत नाही."

पुरुष सदस्य सगळे पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता. ग्रामसेवकानं विचारलं, "ताई, कार्यवृत्तात हे काय म्हणून लिहू?" म्हटलं, "जे बोलले ते." त्यानं बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग लिहिलं, "सरपंचांनी आपल्या प्रकृतीची सविस्तर माहिती दिली." लालासाहेब म्हणाले, विषय पुढच्या सभेवर ठेवू. ठेवा म्हटलं.

सभा संपल्यावर पायऱ्यांवर अंबूबाई मागून आल्या. खालच्या आळीच्या सदस्य, पन्नाशीच्या, अडीच वर्षांत सभेत एक शब्द बोललेल्या नाहीत. माझ्या पदराचं टोक धरून म्हणाल्या, "ताई, माझं बी जरा उष्णतेचं हाय."

मी विचारलं, "लाल जातं?"

"व्हय."

"कुठून?"

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. नाथाजी झाडत होता, तो जाईपर्यंत थांबल्या. मग सांगितलं, शब्दात, स्पष्ट. कधीपासून ते विचारलं तर म्हणाल्या, संक्रांतीच्या आधीपासून.

खडा असेल, जंतू असतील, काहीच नसेल. बघितल्याशिवाय कुणाला कळतं? गुरुवारी त्यांना घेऊन येते आहे. गाडी हे चालवणार. त्यांचे मालकही येणार आहेत, पण दीपालीला सांगून ठेव, त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचं.

अंबूबाई दोनदा म्हणाल्या, "पर ताई, दुखत तर कायबी न्हाई. एवढ्या लांब कशापायी जायचं?"

म्हटलं, दुखत नाही म्हणूनच.

क्रांती